खिंडीपर्यंतचा फेरा

आमच्या समोरच्या घरात कवळीकाका राहतात. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नाही. काकूंचं तर नुसत्या "अहो"वर भागतं. काका दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देतात. पुढच्या खोलीत, खिडकीशी त्यांचं टेबल. त्यावर प्लास्टरचे जबडे मांडलेले, गुलाबी मेणाचे पत्रे, स्पिरिटचा दिवा, आणि पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत दातांच्या रंगांचे नमुने. नवा माणूस आत आला की इतके जबडे आपल्याकडे बघून हसतायत म्हटल्यावर जरा चपापतो. मला मात्र तिथं फार करमतं. एवढी तोंडं एका जागी आणि सगळी गप्प, त्यामुळे बोलायला मी एकटाच उरतो.

काकांना दुसरा नाद सायकलचा. दर रविवारी सकाळी डबा घेऊन ते मोठ्या फेऱ्याला निघतात. मोठा फेरा म्हणजे गल्लीच्या डाव्या टोकानं बाहेर पडायचं, पीठगिरणी मागे टाकून डोंगराच्या कडेनं वळणं घेत चढायचं. वर खिंड. खिंडीपलीकडे रस्ता जो सुटतो तो थेट तळ्याकाठी. तळ्याला वळसा घातला की काकूंचं माहेर, आणि मग नदीकाठच्या सपाट रस्त्यानं गल्लीच्या उजव्या टोकाला घरी. नजर ठरत नाही इतका देखणा रस्ता. मी तो गाडीच्या काचेतून पाहिलाय. सायकलवर बसायला माझं पोट आड येतं.

गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून काकूंचं माहेरी जाणं बंद झालं होतं. तसं तिथं जवळचं कुणी उरलंही नव्हतं, त्यांचं पिवळं घरही विकलेलं. मग रविवारी दुपारी काका त्यांना फेरा सांगायचे. तळ्यात पाणी कुठवर आलंय, पिवळ्या घराच्या भिंतीला नवा रंग दिलाय की नाही, आणि वळणावरची तुती. त्या तुतीखाली काकूंनी लहानपणी इतके फ्रॉक जांभळे केले होते की आईनं शेवटी जांभळंच कापड आणायला सुरुवात केली. काका म्हणायचे, "आज सावलीत दोन म्हशी बसल्या होत्या." काकू विचारायच्या, "आणि पारावर कोण होतं?" की काका पारावर कुणाला तरी बसवायचे. हा कार्यक्रम मी सहसा चुकवत नसे. आमची ही म्हणते, तुमचे कान समोरच्यांच्या दोरीवर वाळत घातलेले असतात.

एका रविवारी मी गावामागच्या पाण्याच्या टाकीकडे गेलो होतो, तर टाकीच्या आडोशाला आमचे काका. सायकल भिंतीला टेकवलेली, हेल्मेट मांडीवर, आणि नजर सारखी घड्याळाकडे. मला बघून त्यांचा चेहरा कवळी घरी विसरल्यासारखा झाला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काका खिंडीपर्यंत जातात. कठड्यावर बसून डबा खातात, खाली दिसतं तेवढं बघून घेतात आणि आल्या वाटेनं परत फिरतात. काकू खिडकीत असतात, म्हणून गावाला मागून वळसा घालून बरोबर उजव्या टोकानं गल्लीत शिरतात. लवकर पोचलं तर पंचाईत, म्हणून टाकीपाशी मुक्काम.

मी म्हटलं, "काका, चढ चढता आणि उताराला घाबरता?"

"अरे, त्या उतारावर ज्यांचे ज्यांचे समोरचे दात गेले, ते सगळे माझ्या टेबलावर येऊन गेलेत," ते म्हणाले. "तुला तिथं वळणं दिसतात. मला जबडे दिसतात."

पहिल्याच रविवारी काकू वाटेकडे डोळे लावून बसल्या होत्या. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून लांबून दिसलं ते जवळून पाहिल्यासारखं सांगितलं आणि पुढे ते वाढतच गेलं. मी कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं. हसू नका. खरंच दिलं.

आता पुढची गंमत ऐका. पावसाळा सरला तेव्हा काकूंच्या माहेरची एक बाई कवळीचं माप द्यायला आली. काका प्लास्टर आणायला गेले होते, मी होतोच. बोलता बोलता ती म्हणाली, रस्ता रुंद करताना वळणावरची तुती पाडली, त्याला आता दोन वर्षं व्हायची. ती गेल्यावर मी काकूंच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. त्याच म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. भाचा तिकडून जाऊन आला होता, त्यानं तेव्हाच फोनवर सांगितलं होतं."

"मग काका दर रविवारी..."

"सांगू दे. त्यांच्या सांगण्यात ती अजून उभी आहे ना. तू मध्ये तोंड घालू नकोस."

म्हणजे दोन्ही बाजूंची गुपितं माझ्याच पोटात. माझं पोट मोठं आहे, पण ते या कामासाठी वाढवलेलं नाही.

अशात लेक-जावई बाळाला घेऊन आले. जावई सायकलवाला, तोही साधा नाही. अंगाला चिकटलेले पोपटी कपडे, चढ म्हटलं की लहान मुलासारखा चेकाळणारा. त्यानं पहिल्याच जेवणावर जाहीर केलं की रविवारी सासऱ्यांबरोबर मोठा फेरा करणार, आणि आईंना शेजाऱ्यांच्या गाडीतून माहेर दाखवून आणणार. बाळाजवळ लेक थांबेल. काकूंचा चेहरा उजळला. काकांनी घास तसाच हातात धरून ठेवला.

त्या आठवड्यात काकांनी कुणा मास्तरीणबाईंच्या कवळीत सुळे डावे-उजवे उलटे बसवले. आयुष्यात पहिल्यांदा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझी गाडी रविवारी बंद पडू शकेल का रे?"

"माझी गाडी कधीही बंद पडू शकते," मी म्हटलं, "पण रविवारी मी तिला पडू देणार नाही."

यावर ते रागावले नाहीत, हेच मला लागलं. नुसते म्हणाले, "हे दर रविवारी इथं दिसतात, असं म्हणणारं तिथं एक माणूस निघणार नाही. तिला काय वाटेल? इतकी वर्षं ही माझ्या तोंडाकडे बघून ऐकत आली."

रविवारी आम्ही खिंडीत पोचलो तेव्हा दोघं कठड्याशी उभे होते. जावई पाणी पिऊन ताजातवाना, काका त्या प्लास्टरच्या जबड्यांपेक्षा पांढरे. काकू गाडीच्या दाराला धरून सावकाश उतरल्या. जावयाला म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, तळ्यापाशी थांबा, आम्ही जरा बसतो. पोपट उडाला. काकू कठड्यावर काकांशेजारी टेकल्या. मी बॉनेट उघडून इंजिनात डोकं घातलं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, पण ऐकायला ती जागा बरी होती.

"सांगा बघू," काकू म्हणाल्या, "काय काय दिसतं?"

काकांनी तळं सांगितलं. पिवळं घर सांगितलं. मग हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

"तुती दिसत नाही," ते म्हणाले. "मी खाली कधी गेलोच नाही गं. इथूनच मागे फिरतो."

"माहीत आहे. पाडली ती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही सांगायचं बंद केलं असतं."

काका नाक पुसायला लागले. मी इंजिनात आणखी खोल गेलो, कारण माझंही तेच चाललं होतं. मग काकूंनी उताराकडे बघितलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, सायकल हातात धरून चालत उतरा की. बसूनच उतरायचं असं कुणी सांगितलंय?"

एवढी वर्षं हे ना त्यांना सुचलं होतं ना मला. काका हँडल धरून चालू लागले, त्यांच्या बाजूनं पहिल्या गिअरमध्ये माझी गाडी. काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांच्या बाहीचं टोक धरलं होतं. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना मी हातानं पुढे जायला सांगत होतो. तळ्यापाशी जावई दगडावर झोपी गेलेला सापडला. गावात पिवळं घर आता निळं झालेलं. वळणावर तुतीचा बुंधा होता. काकू त्यावर तळवा ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चला, भूक लागली.

तेव्हापासून काका पुरा फेरा करतात, उतार चालत. दुपारचं सांगणंही चालू आहे, पण काकूंची तक्रार असते की खरं सांगायला लागल्यापासून यांच्या बातम्यांत राम उरला नाही. म्हशी गेल्या, पारावर कुणी बसत नाही, नळाला पाणी नव्हतं, संपलं.

मग परवा काकांनी सांगितलं की बुंध्याला फुटवे आलेत. काकूंनी भुवया वर केल्या. काकांनी खिशातून मेणाच्या गुलाबी पत्र्यात गुंडाळलेलं एक पान काढलं. काकूंनी ते उजेडात धरलं, चुरून वास घेतला.

"तुती कुठेही मिळते," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तू जाऊन बघून ये."

गेलो. गाडीनंच. उतारावर जिभेनं समोरचे दात चाचपत गेलो. बुंध्याला दोन फुटवे होते, वीतभर उंच. त्यातल्या एकावर पान खुडल्याची जागा होती, आणि तिथं पांढरा चीक वाळला होता.

काकूंना सांगितलं. "बरं," म्हणाल्या, आणि लगेच काकांना हाक मारून विचारलं, "अहो, बकऱ्या येतात का हो तिकडे? पुढच्या रविवारी थोडी तार घेऊन जा."