वरून प्यायलेला प्याला

बाप्तिस्मा झाला तरी माझं सोवळं सुटलं नव्हतं, हे आधीच कबूल करते. माहेर लश्कर शहरातल्या दौलतगंजातलं, दरबारी पुरोहितांचं. यजमानांपाठोपाठ मीही ख्रिस्ती झाले तेव्हा वडिलांनी माझ्या नावानं आंघोळ केली. एवढं सगळं सोडून आले, पण भांडं ओठांना न लावता वरून पाणी प्यायची खोड हाडीमाशी खिळलेली. ती सुटते कसली!

आम्ही मुरारला राहायला आलो, तिथल्या गिरजाघरात पहिल्या प्रभुभोजनाला बसले. पाळकसाहेबांनी भाकर मोडली, मग एकच प्याला बाकावरून हातोहात फिरू लागला. माझ्याआधी सुखियाबाई होती, दवाखान्याची झाडूवाली. तिनं घोट घेऊन प्याला माझ्या हाती दिला, आणि मी काय करावं? मान मागे टाकून वरून धार धरली! द्राक्षारस हनुवटीवरून पांढऱ्या लुगड्यावर सांडला. सुखियाबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पुढच्या रविवारपासून ती सगळ्यांत मागे, दाराशी बसू लागली.

मला शरम वाटली, पण शरमेपेक्षा रागच जास्त आला, आणि तोही प्रभूचाच. तुझ्या मेजावर यायचं तर दुसऱ्याचं उष्टंच का, म्हणून भांडले त्याच्याशी. मग प्रभुभोजनाचा रविवार आला की नेमकं माझं डोकं दुखे. यजमान एकटेच जात. असं वर्ष गेलं. आपण धड इकडच्या नाही, धड तिकडच्या नाही, या विचारानं मी आतून सुकत चालले होते.

जेठातल्या एका दुपारी, टांगा मिळेना म्हणून हट्टानं लश्करहून मुरारला घरी पायीच निघाले. वाटेतल्या थाटीपुराच्या अलीकडे लू, तिकडची उन्हाची झळ, लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि एका निंबाखाली बसकण मारली. जीभ टाळूला चिकटली होती. "प्रभू, पाणी," एवढंच तोंडून निघालं. डोळे उघडले तर समोर सुखियाबाई, हातात तिचा लोटा. ती दोन हात लांबच उभी राहिली.

"बहनजी, ओंजळ करो. मैं ऊपर से डाल देती हूँ, लोटा नहीं छुएगा."

माझी खोड तिला पाठ होती! मला हुंदकाच फुटला. मी तिच्या हातून लोटा ओढून घेतला, ओठांना लावला आणि घटाघटा प्यायले. पाणी कोमट होतं, जरा तंबाखूच्या वासाचं. ती बिचारी घाबरून "अरे, अरे, जूठा है!" म्हणत राहिली. त्या वाटेनं ती एरवी कधी जात नसे. त्या दिवशी का आली, ते तिलाही सांगता येईना, आणि मीही फार खोदून विचारलं नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला मी दाराशी, तिच्या शेजारी जाऊन बसले. प्याला तिच्याकडून माझ्याकडे आला. तिचे ओठ जिथे लागले होते, तिथेच मी माझे लावले. बाहेर पायरीवर तिनं हळूच विचारलं, "आज गिरा नहीं, बहनजी?"

"नाही ग बाई, एक थेंबसुद्धा नाही."

माहेर सोडलं, जात सोडली, म्हणजे प्रभूला मी फार दिलं असं मला वाटे. त्यानं मागितलं होतं ते एवढंसंच, आणि तेच माझ्याच्यानं सुटत नव्हतं. म्हणून त्यानं मला रस्त्यात तहानेनं पाडलं. त्या तहानेचे उपकार मी जन्मभर मानीन.