लागला का पत्ता?

संध्याकाळी कॉलेजातून गावी, रोहण्याला, बसमधून उतरले की गिरजाकाकूचा प्रश्न ठरलेला, "लागला का पत्ता?" ऐकणाऱ्याला वाटावं, हिचं कोणीतरी हरवलंय. हरवलंच होतं तसं. काका कोरोनात गेले, आणि काकूला पत्ता हवा होता तो त्या रोगाचा. आला कुठून?

काकूचं घर आमच्या शेजारीच. दारात चिंच, चिंचेला वाघळं लटकलेली. काकू खाली बाजेवर बसून बाजारासाठी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायची आणि मी मोबाइलवर दिसेल ते धडाधड वाचून दाखवायची. एक दिवस, "काकू, पक्कं, लॅबमधूनच निसटला." दुसऱ्या दिवशी, "नाही काकू, जनावरातूनच आला." ती जुडीला गाठ मारत म्हणायची, "काल बी पक्कंच होतं न वं."

"पण तुला कशाला पाहिजे एवढं?" एकदा विचारलंच मी.

"सपनात येतेत न तुहे काका. या चिंचेखाली उभे रायतेत अन् इचारतेत, गिरजे, मले कायनं नेलं वं? काय सांगू मी?"

मग पानठेल्यावर ठरलं की रोग वाघळांनीच आणला, मिरच्यांचा धूर देऊन त्यांना हाकलायचं. पोरं गोवऱ्या-मिरच्या घेऊन आली. काकूनं बाज बरोबर चिंचेच्या बुडाशी ओढली, आडवी झाली, तोंडावरून पदर घेतला. "लावा."

पानठेलेवाला रमेश म्हणाला, "काकू, तुमचा मानूस गेला, अन् तुमी वाघळाईच्या बाजूकून?"

"मी कोनाकूनच नाई. मले माईत नाई. तुले माईत हाय का?"

"मोबाइलवर आलं न."

"लॅबचं बी मोबाइलवरच आलं. मंग मोबाइलले दे न धूर."

पोरं हसली, रमेशही हसला. गोवऱ्या तिथंच राहिल्या. दुसऱ्या दिवशी काकूनं त्यावर आंघोळीचं पाणी तापवलं.

दिवेलागणीला वाघळं निघायची. एक, मग चार, मग आभाळभर, काही आवाज न करता. चिंचेला डुलकी लागावी आणि तिचं स्वप्न उडून जावं, तसं. काकू मान वर करून बघत राहायची, आणि मला खरंच वाटायचं, काका इथंच कुठंतरी उभे आहेत, उत्तराची वाट बघत.

मागच्या हिवाळ्यात काकू वर्ध्याच्या दवाखान्यात होती. श्वास पुरत नव्हता. माझा हात धरून म्हणाली, "लागला का पत्ता?"

फार वाटलं, काहीतरी एक पक्कं सांगून टाकावं. दोन्ही उत्तरं तोंडात तयार होती. पण तिच्यासमोर जमेना. "नाही काकू. शोधतायत अजून."

तिनं डोळे मिटले. "मंग तसंच सांगन त्याईले. शोधून रायले म्हना लोक. इसरले नाई."