शेऱ्याची सुट्टी

सौंसरच्या त्या कॉलेजात प्राचार्य बदलले, संस्थेचे अध्यक्ष बदलले, फाटकाचा रंग तर दर निवडणुकीला बदलला. बदलला नाही तो एक भिवाजी. कॉलेजची इमारत उभी राहत होती तेव्हा बोरगावहून तो आपली बैलगाडी घेऊन विटा टाकायला आला, आणि विटा संपल्या तरी परत गेलाच नाही. आधी पिण्याच्या पाण्याचे ड्रम, मग परीक्षेची बाकं, मग स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या, असं काही ना काही त्याच्या गाडीवर चढतच राहिलं. लग्नाआधी एकदा त्याच गाडीतून त्याने शांताबाईला लोधीखेड्याचा बाजार फिरवून आणला होता म्हणतात. शांताबाई हे कबूल करत नाही. पण विषय निघाला की पदर तोंडाला लावून चुलीकडे वळते, त्यावरून ज्याने त्याने समजून घ्यावं.

भिवाजीच्या दोन गोष्टी सगळ्या गावाला ठाऊक होत्या. एक त्याच्या मिशा, ज्यांना तो प्राचार्यांपेक्षा जास्त मान देई. दुसरी त्याची जोडी, शेऱ्या आणि लाल्या. संस्थेने कॉलेजच्या मागे त्यांना टिनाचा गोठा बांधून दिला होता. गावात भिवाजीची एकच खोली. तिथे दोघं नवराबायकोच कसेबसे मावत, बैल कुठले मावणार?

एका हिवाळ्यात शेऱ्या गेला. म्हातारपणच ते, दुसरं काही नाही. पण लाल्या कडब्याला नीट तोंड लावेना आणि भिवाजीनेही आठवडाभर मिशांना तेल लावलं नाही. एका बैलाची गाडी म्हणजे एका पायाची चप्पल. गाडी भिंतीला टेकून उभी राहिली.

नेमकं त्याच सुमारास प्राचार्य प्रफुल्ल कामडी सर नागपूरच्या एका परिषदेला जाऊन आले. जाताना साधे होते, येताना हरित होऊन आले. 'हरित परिसर, डिजिटल परिसर' असा फलक फाटकावर लागला. छतावर सोलरच्या पाट्या चढल्या. हजेरी मोबाइलवर गेली, त्यामुळे पोरं घरी बसून हजर राहू लागली. संगणक शिकवणारे रोहित सर या सगळ्याचे प्रमुख झाले. आणि एक दिवस टेम्पोतून बॅटरीवर चालणारी गाडी उतरली, पांढरीशुभ्र, समोरासमोर बाकं असलेली.

"भिवाजी, आजपासून हे तुझं वाहन," कामडी सर म्हणाले. "धूर नाही, आवाज नाही. आणि हिची सगळी खबर माझ्या मोबाइलवर येते. कुठे गेली, किती चालली, पोट किती भरलं."

"आन् शेण?" भिवाजीने विचारलं.

"शेण नाही!" सर अभिमानाने म्हणाले.

भिवाजीचा चेहरा पडला. शेण नाही म्हणजे त्याच्या हिशेबाने जनावरात काहीतरी कमीच होतं.

तरी गडी शिकला. चार दिवसांत अशी गाडी हाकायला लागला की फाटकावरचा चौकीदार सलाम ठोकू लागला. फक्त चालू करताना तो जिभेने 'टक् टक्' करायचा आणि थांबवताना 'होऽऽ' म्हणायचा. रोहित सरांनी समजावलं, "भिवाजी, ती आवाजावर चालत नाही."

"तुमच्या हातात नसन चालत," भिवाजी म्हणाला. "माह्या हातात चालून राहिली ना!"

नावही त्यानेच ठेवलं. शेऱ्या. रिकाम्या झालेल्या जागेवर, लाल्याच्या शेजारी, तो ती गाडी उभी करायचा. चार्जिंगची वायर तिथेच ओढून घेतली होती. लाल्याने पहिल्या दिवशी हुंगलं, दुसऱ्या दिवशी बाकाचं रेक्झिन चाटलं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पोटभर कडबा खाल्ला. शांताबाई म्हणाली, "बैल फसला तुमचा." भिवाजी म्हणाला, "फसू दे. जेवला तं सही."

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना कामडी सरांची नजर गोठ्यावर गेली. भोपाळहून कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती आणि सरांना तिथे 'चार्जिंग स्थानक' हवं होतं. टाइल्स, काच, वर पाटी. टाइल्सवर बैल शोभत नाही.

"पोळ्यापर्यंत ठेव लाल्याला," सरांनी सांगितलं. "तुझ्या भावना मी समजतो. पण पोळ्यानंतर काहीतरी सोय कर."

सोय म्हणजे कसली? शेत भिवाजीला नाही. म्हाताऱ्या बैलाला कोणी पाहुणा म्हणून ठेवत नाही. उरला गुरांचा बाजार, आणि तिथून विकला गेलेला म्हातारा बैल कोणाच्या नांगराला जात नाही, हे त्या भागातल्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही. भिवाजी तसाच गाडीकडे वळला. त्या दिवशी गाडी चालू करताना 'टक् टक्'ही म्हणाला नाही.

आता गंमत बघा. समितीने तारीख दिली ती नेमकी पोळ्याची! भोपाळवाल्यांच्या डायरीत पोळा कुठला? इकडे सगळ्या स्टाफची सुट्टी रद्द झाली, घरोघरी बायकांनी प्राचार्यांच्या नावाने बोटं मोडली, पण तारीख हलली नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी. वर्षभर जू वाहून दुखावलेल्या खांद्यांना पळसाच्या पानाने कोमट तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानात आमंत्रण द्यायचं. भिवाजीने लाल्याचा खांदा शेकला. हात जरा जास्तच वेळ फिरत राहिला. शेवटचा पोळा होता ना त्याचा.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," तो लाल्याच्या कानात म्हणाला. मग वाटी घेऊन शेजारी वळला.

"आता तिकडं कुठं चालले?" शांताबाई गोठ्याच्या दारातून ओरडली.

"शेऱ्याले."

"ते मशीन होय बाप्पा!"

"जोडीतल्या एकाले शेकलं आन् एकाले तसंच ठेवलं, असं कधी केलं का आपन? दिवसभर मांडवाच्या खुर्च्या वाहून आनल्या त्यानं."

"पन याले खांदा कुठं हाय, ते तं सांगा!"

हा मात्र प्रश्न होता. भिवाजी वाटी धरून गाडीभोवती फिरला. आरसे बघितले, चाकं बघितली, मिशीवरून हात फिरवला. मग त्याला उमगलं.

"बैलाले जिथं जुपतो तो खांदा. बरोबर? आन् याले वायर कुठं जुपतो?"

असं म्हणून त्याने सीटखालचं झाकण उघडलं आणि वायर लावायच्या त्या तोंडात पळसाच्या पानाने तूप-हळद अशी मायेने भरली, जशी सासरहून आलेल्या लेकीला कोणी पुरणपोळी भरवावी. मग वायर खुपसली आणि वरून लाल्याची जुनी झूल पांघरली. झुलीखाली चार्जिंगचा हिरवा दिवा लागला नाही, हे त्याला दिसणार कसं?

गाडी मात्र इमानदार होती. तिने कामडी सरांच्या मोबाइलवर निरोप पाठवला की माझं पोट भरत नाही. पण त्या संध्याकाळी सरांच्या मोबाइलवर सजवलेल्या बैलांचे इतके फोटो येत होते, की त्यात एका उपाशी गाडीची हाक कोणाला ऐकू जाणार?

सकाळी समिती आली. प्रमुख होत्या उंच, चष्मा लावलेल्या एक मॅडम. हसल्या की नाही हे समजायला वेळ लागेल अशा. कामडी सर कोट घालून, हार घेऊन, घाम पुसत उभे. ठरल्याप्रमाणे समिती 'प्रदूषणमुक्त वाहना'त बसली. भिवाजीने धुतलेला सदरा, मिशांना तेल, असा थाट करून किल्ली फिरवली.

"टक् टक्."

काही नाही.

पुन्हा फिरवली. पुन्हा 'टक् टक्'. रोहित सरांनी वाकून झाकण उघडलं आणि तसेच वाकलेले राहिले. आत पिवळं तूप गोठलेलं होतं.

कामडी सरांनी भिवाजीला बाजूला ओढलं. दात आवळून म्हणाले, "जा, लाल्याला आण. दोर बांध आणि ओढत ने. सांगू, पारंपरिक पद्धत दाखवतो आहोत."

"आज?" भिवाजीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "पोयाच्या दिवशी? सर, आज बैलाच्या मानेवर काई ठेवत नाई."

"भिवाजी, इथे कॉलेजची इज्जत जाऊन राहिली!" सर घाबरले की शुद्ध मराठी सोडून घरच्या बोलीवर येत. "नाही जुंपत, तं उद्यापासून बैल तं नाहीच, तूही नाही!"

भिवाजीने एकदा गोठ्याकडे बघितलं. रंगवलेली शिंगं पत्र्याच्या सावलीत चमकत होती.

"उद्या काढा सर," तो म्हणाला. "आज नाई जुपत."

आणि तो सरळ गाडीच्या मागे गेला, पाठ लावली, आणि ढकलायला लागला. गाडी जरा हलली. म्हातारा माणूस एकटा ढकलतो आहे हे बघून रोहित सर धावले. मॅडम मागे वळून बघत आहेत हे बघून कामडी सरही धावले, कोटासकट. प्राचार्य ढकलत आहेत म्हटल्यावर उरलेला स्टाफ कुठे उभा राहणार? अख्खं कॉलेज गाडीमागे लागलं. हजेरीच्या मोबाइलला जे कधी जमलं नव्हतं, ते त्या दिवशी झालं. सगळे खरोखर हजर!

मॅडमनी हात वर केला. "ये क्या हो रहा है?"

सर उत्तर जुळवत होते, तेवढ्यात भिवाजी त्याच्या खास हिंदीत बोलून मोकळा झाला. "मॅडम, आज पोला है. बैल की छुट्टी रहती है. तो इसकी बी छुट्टी. कल हमने इसका खांदा शेका, आमंत्रण दिया. आज ये काम नहीं करेगा. आज हम करेंगे."

मॅडम खाली वाकल्या. उघड्या झाकणात हळद दिसली, तूप दिसलं, पळसाच्या पानाचा तुकडा दिसला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. कामडी सरांनी डोळे मिटून घेतले होते.

"छुट्टी पर है," मॅडम शेवटी म्हणाल्या, "तो हम इसमें बैठे क्यों हैं?" आणि त्या उतरून चालायला लागल्या. त्यांच्यामागे सगळी समिती उतरली.

चालत चालत बाग लागली. शेवंती, जास्वंद, संत्र्याची कलमं, सगळं टवटवीत. मॅडमनी हातातला कॉलेजचा अहवाल उघडला. त्यात रोहित सरांनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की कॅन्टीनचा सगळा ओला कचरा 'जैविक प्रक्रिया केंद्रा'त जातो आणि त्याचं खत बागेला मिळतं. मॅडम हिंदीत म्हणाल्या, चला, ते केंद्र दाखवा.

रोहित सरांनी कामडी सरांकडे बघितलं. कामडी सरांनी आभाळाकडे बघितलं. असं केंद्र कॉलेजात बांधलेलंच नव्हतं.

"केंद्र काय असते सर?" भिवाजीने हळूच विचारलं.

"अरे, कॅन्टीनची सालं, देठं, उरलेल्या पोळ्या कुठे जातात ते," रोहित सर पुटपुटले.

"मंग असं सांगा ना! या मॅडम, इकडून या."

आणि त्याने समितीला गोठ्यावर नेलं. लाल्या झूल घालून, बाशिंग बांधून, राजासारखा उभा होता. शांताबाई पुरणपोळीचं ताट घेऊन नुकतीच आली होती. एवढे लोक बघून ती बावरली, पण ताट आधी लाल्यापुढेच धरलं. लाल्याने पोळी उचलली, सावकाश चावली, आणि केंद्र कसं चालतं याचं दुसऱ्या टोकाचंही प्रात्यक्षिक तिथल्या तिथे देऊन टाकलं. समितीतले दोघं जण चपळाईने मागे सरले.

मॅडम हसल्या. आता हसल्या हे सगळ्यांना समजलं. "अच्छा केंद्र है," त्या म्हणाल्या. मग कामडी सरांकडे वळून विचारलं, हे केंद्र पुढेही चालू राहणार ना? नाहीतर तपासणीपुरतं पुष्कळ ठिकाणी पुष्कळ काही उभं करतात.

"कायमस्वरूपी आहे मॅडम!" सर छातीवर हात ठेवून म्हणाले.

भिवाजी एक पाऊल पुढे आला. तोंड अगदी गरीब. "सर, कायमस्वरूपी म्हंजे पोयाच्या बादही ना?"

सगळ्या समितीने सरांकडे बघितलं. लाल्यानेही बघितलं.

"हो," कामडी सर म्हणाले. "पोळ्याच्या बादही."

"आन् मी?"

"तूही रे बाबा, तूही!"

शांताबाईने तेवढ्यात सरांच्या हातात पुरणपोळी ठेवली. तोंड भरलेलं असलं की माणूस दिलेला शब्द लगेच मागे घेत नाही, एवढं ती संसारात शिकली होती.

चार्जिंग स्थानक झालं, पण गोठ्याच्या अर्ध्या भागात. तिकडे टाइल्स, इकडे कडबा, मध्ये काहीच नाही. रोहित सर दोन दिवस जुना टूथब्रश घेऊन शेऱ्याच्या खांद्यातलं तूप काढत बसले होते. त्यानंतर कितीतरी दिवस गाडी जरा तापली की कॉलेजभर पुरणाच्या स्वयंपाकाचा वास सुटे आणि पोरांना तास संपायच्या आधी भूक लागे.

आता दर पोळ्याला त्या कॉलेजात गाडीला सुट्टी असते. कामडी सरांनी तसं परिपत्रकच काढलं आहे आणि परिषदांमधून ते या कल्पनेवर भाषणंही देतात. कल्पना आपलीच असल्यासारखी. आदल्या संध्याकाळी खांदशेकणीच्या वेळी रोहित सर मात्र स्वतः येऊन सीटखालच्या झाकणावर चांगली चिकटपट्टी मारतात आणि तिथेच स्टूल टाकून बसतात.

"लावा, भिवाजी, कुठेही लावा. इथे नको."

मग भिवाजी आरशांच्या मागे, हँडलवर, बाकाच्या कडेवर तूप-हळद चोळतो, वाकून आवतन देतो. त्याची पाठ वळली की लाल्या मान लांब करतो आणि शेजाऱ्याच्या अंगावरचं तूप निवांत चाटून घेतो.