चमच्याने दिलेलं पाणी

आईने खाणं सोडलं तेव्हा भांडुपच्या घरात सगळ्यांनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता. नव्वदी ओलांडलेली बाई, दिवसभर ग्लानीत, पेज भरवली तर ओठांच्या कडेने बाहेर. ताप नाही, खोकला नाही. वय झालं, आता निघाली, असं दादाने मला मालाडला फोन करून सांगितलं आणि मी होते त्या कपड्यांवर रिक्षात बसले.

पोचले तर गावाहून काकी येऊन बसलेली. आमच्या कोकणातल्या घरांत म्हातारं माणूस असं अडकून पडलं की त्याची काही इच्छा राहिली असं धरतात आणि आवडीचं भरवून जीव मोकळा करतात. आईला खापरोळ्यांचा, म्हणजे जाड घावनांबरोबरचा, गोड रस फार आवडायचा. वहिनीने नारळाच्या दुधात गूळ कालवला आणि येईल तो नातेवाईक चमचा चमचा आईच्या तोंडात सोडत होता. माझ्याही हातात चमचा आला, मीही सोडला. आई मधूनच पाणी, पाणी करायची. काकी लगेच तुळशीचं पान बुडवलेलं गंगेचं पाणी तिला चमच्याने द्यायची, आणि आम्हा सगळ्यांचे डोळे भरून यायचे.

पण मला काहीतरी खटकत होतं. आईचे ओठ तडकलेले, जीभ कोरडी ठाक. डायबेटिसची गोळी चालू आहे ना, विचारलं. तर वहिनी म्हणाली, खातच नाहीत तर गोळी कशाला, म्हणून बंद केली. माझं डोकंच सणकलं. कुणाला न विचारता मी लॅबवाल्यांना घरी बोलावलं. दादा भडकला.

"सुया टोचून काय मिळणार आहे तुला? सुखाने जाऊ दे ना तिला."

संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर आला. साखर पाचशेच्या वर. आणि सीआरपी, अंगातला दाह मोजणारा आकडा, एक आकडी असायला हवा तो तीन आकडी. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, कुठेतरी इन्फेक्शन आहे, बहुतेक लघवीचं. या वयात ताप येतोच असं नाही. दाहाने साखर चढते, साखरेने अंगातलं पाणी जातं, ही ग्लानी त्याचीच. ताबडतोब ॲडमिट करा. वाचेल का, असं विचारलं तर म्हणाले, खात्री देत नाही, पण घरी ठेवलीत तर नाही वाचणार.

आता खरी वाट लागली. काकी दार अडवून उभी राहिली. रस्त्यातच गेली तर? नळ्या खुपसलेल्या, परक्या माणसांत गेली तर? ते कुणाच्या माथी? आई वाटेत गेली असती तर दादाने जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी मोबाईल त्याच्यासमोर धरला.

"दादा, ती चाललेली नाही रे. ती आजारी आहे. उचल तिला."

त्याने ते आकडे वाचले. मग रसाची वाटी उचलून मोरीत ओतली, आणि आईला चादरीसकट उचललं. काकी बाजूला झाली.

हॉस्पिटलात सलाइन, इन्सुलिन, अँटिबायोटिक. दुसऱ्या दिवशी सीआरपी उतरायच्या ऐवजी आणखी चढला. दादा बाहेरच्या बाकड्यावर बसून होता. रिपोर्ट आला की फक्त, आज किती, एवढंच विचारायचा. आईला उगाच हाल करून मारतेय असं वाटून मी जेवत नव्हते. मग आकडा खाली आला. पुढच्या दिवशी आणखी खाली. साखरही आवाक्यात आली.

आईने नीट डोळे उघडले तेव्हा काकी, दादा आणि मी तिघंही जवळ होतो. आता पाणी चालेल, असं सिस्टर म्हणाल्या. मी आईला टेकवून बसवलं. तिने ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि न थांबता रिकामा केला. मग आमच्याकडे एकेक करून बघितलं. आवाज बारीक झाला होता, पण मालवणी ठसका तोच.

"मी पाणी मागी होतंय गो. तान लागलेली माका. आणि तुमी चमच्यान देय होतास."

काकीने पदर तोंडाला लावला. दादा उठून बाहेर गेला. आईने ग्लास माझ्यापुढे धरला आणि मी तो काठोकाठ भरून दिला.