बाकावरच्या माणसाचे बूट

घाटावर आणि घाटाखाली मिळून साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात माझ्या साडूभाऊंइतका चिक्कू माणूस दुसरा नाही, आणि उधळ्या माणसांची बाजू घेऊन त्यांच्याइतका भांडणाराही दुसरा नाही. हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो, कारण गेली पस्तीस वर्षं मी त्यांचा धाकटा साडू आहे आणि एवढ्या काळात त्यांनी मला एकदाही आख्खा चहा पाजलेला नाही. टपरीवर एक फुल सांगायचा, त्याचे दोन कट करायचे, आणि कुणाच्या वाट्याला जास्त आला हे माझ्या लक्षात येऊ नये म्हणून घाईघाईने राजकारण काढायचं, ही त्यांची रीत. एसटीच्या वर्कशॉपमधून ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाला मिळालेली शाल त्यांनी घडी न मोडता ठेवली आणि मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा ती माझ्या खांद्यावर घातली. त्यांच्या पायातल्या चपलेत मूळ चप्पल किती उरली आहे, हे ती शिवून देणाऱ्यालाही आता सांगता येणार नाही.

आमच्या जळगाव जामोदचा फुटबॉल क्लब जन्मापासून गरीब होता, आणि तो गरीब होता तोवर त्याच्याबद्दल कुणाला काही मत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पुण्यात ट्रान्सपोर्टमध्ये बख्खळ पैसा केलेल्या गावच्याच एका माणसाने क्लब हाती घेतला. मैदानावर हिरवळ आली, गोव्याचा कोच आला, मिझोरामचे तीन खेळाडू आले, एसी बस आली, आणि लगोलग गावातल्या प्रत्येकाला मत फुटलं. टपरीवर सगळ्यात मोठं मत कृषी केंद्रवाल्याचं. "घरचे पोरं सोडून बाहेरचे आणले. हा काय खेळ झाला?" असं तो एकदा म्हणाला मात्र, साडूभाऊ बाकावरून उठलेच.

"तुह्या दुकानातलं बियाणं कुठून येते बे? हैदराबादचं बियाणं तुले चालते अन् मिझोरामचा पोरगा चालत नाही? पोराच्या लग्नात ड्रोन उडवला, तवा कोनाले इचारलं होतं? क्लबचे पोरं फाटक्या बनियनवर खेळत तवा कुठं गेल्ता तू?"

असं रोज. चिक्कू माणसाचा राग कसा पुरवून पुरवून वापरलेला असायला हवा, पण यांचा राग तेवढा उधळ्या. मोताळ्याला एका लग्नात अक्षता हातात घेऊन ते क्लबच्या बसवरून भांडत राहिले, आणि शेवटी त्या अक्षता समोरच्या विरोधकावरच पडल्या. देऊळगाव राजाला आम्ही दोघं बालाजीच्या दर्शनाला निघालो, तर एसटीत शेजारच्या सीटवर एक भलता माणूस "कोचले एवढा पगार कशाले?" म्हणाला. झालं! देऊळगाव राजा कधी आलं आणि कधी गेलं हे आम्हाला कळलं नाही. आम्ही जालन्याला उतरलो. भांडण जिंकलेल्या माणसाला दर्शनाची काय गरज, अशा चेहऱ्याने ते परतीच्या गाडीत बसले.

आता कबूल करतो, मीही त्यांच्या विरोधातलाच होतो. माझा स्वभावही काही गार नाही. मास्तरकीत जन्म गेला, उधळपट्टी दिसली की माझं टाळकं सरकतं. बाकावर बसणाऱ्या राखीव खेळाडूंनाही क्लबने नवेकोरे बूट घेतले हे ऐकलं, तेव्हा मी टपरीवर सगळ्यांसमोर ओरडलो, "खेळणाऱ्यांना द्या ना! बाकावर बसाले बूट लागते काय?"

सगळे हसले. साडूभाऊ आता मला सोलून काढणार म्हणून मी बाह्या सरसावून बसलो. पण बशीतला चहा तसाच ठेवून, आयुष्यात पहिल्यांदा उष्टा टाकून, ते निघून गेले. तीन आठवडे ना टपरीवर आले, ना घरी. फोन केला की ताई, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, म्हणायच्या, "इथंच बसले हायेत, पण बोलत नाही म्हंतात." मला राग आला. एवढ्याशा बोलण्यावर पस्तीस वर्षांचं नातं तोडायचं? तावातावाने मी त्यांच्या घरी गेलो.

ते अंगणात तूर निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बसा गुर्जी."

"काऊन रुसून राह्यले तुमी?" मी खडसावून विचारलं.

"आमच्या टायमाले क्लबजवळ बुटांचे अकरा जोड होते," ते म्हणाले. "आत जानाऱ्यानं बाहेर येनाऱ्याचे बूट घालाचे. म्हनून बदली खेळाडू पायाचं माप पाहून घेत. कप्तानाचा पाय नऊ नंबर, माहा नऊ नंबर. तो थकला तं मी जानार. अन् तो हरामखोर कधी थकलाच नाही!"

कप्तान म्हणजे बसस्टँडजवळचा बांगड्यांचा दुकानदार, त्यांचा जिवाचा दोस्त. तो जाऊन आता चार वर्षं झाली.

"खामगावले फायनल होती. खेळ संपत आला अन् त्याचा पाय मुरगळला. डावा बूट निघाला, म्या घातला. उजवा निघेच ना. पाय सुजून टम्म. दोघं जन ओढून राह्यले, तो बोंबलून राह्यला. 'काप बूट,' म्हने. कापल्यावर म्या काय घालू? अन् क्लबचा बूट कापू कसा? रेफरी म्हने, दोन्ही बूट पाह्यजे. एक बूट घालून मी लायनीवर उभा. शिट्टी वाजेपर्यंत तसाच. आपले दहाच खेळले. एका गोलानं हारलो." मुठीतली तूर त्यांनी सुपात टाकली. "कप्तान मरेपर्यंत माह्याजवळ त्या पायाची माफी मागे. बाकावर बसाले बूट लागते काय, तुमी इचारलं ना गुर्जी? लागते."

मला तिथे बसवेना आणि उठवेना. स्वतःच्या जिभेची इतकी चीड मला कधी आली नव्हती. "चुकलो, भाऊ," एवढंच म्हणालो.

या हिवाळ्यात आमच्याच मैदानावर फायनल झाली. आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. शेवटी शेवटी एक मिझो खेळाडू लंगडत बाहेर आला आणि बाकावरचा एक जण उठून सरळ आत गेला. कुणी वाकलं नाही, कुणी नाडी सोडली नाही. साडूभाऊ उभे राहून त्या आत जाणाऱ्याच्या पायांकडे बघत होते. चेंडू कुठे आहे याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

एवढं करून आम्ही एका गोलाने हरलो. मागून कृषी केंद्रवाला खिदळला, "गेला पैसा पाण्यात!" मग मात्र माझं डोकं फिरलं. बियाणं, ड्रोन, फाटके बनियन, साडूभाऊंचं सगळं भांडण मी त्याच्या अंगावर ओतलं. घसा बसला तरी थांबेना. शेवटी साडूभाऊंनीच माझी बाही ओढली.

"जाऊ द्या गुर्जी. हारलो तं हारलो. अकरा होते ना शेवटपर्यंत."

टपरीवर आल्यावर ते म्हणाले, "दोन फुल." मला वाटलं, कुणी तरी पाहुणा यायचा आहे. सवयीने मी अर्ध्यावर थांबलो आणि कप त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो परत माझ्याकडे ढकलला.

"प्या ना," ते म्हणाले. "तुमचाच हाये."