मला लवकर आलेली समज

मी आणि माझा भाऊ जुळे. बारावी झाली त्या उन्हाळ्यात पुण्याहून एक संशोधक मॅडम आमच्या रिहे गावात येऊ लागल्या. किशोरवयातल्या मुलामुलींच्या मेंदूतल्या लहरी त्यांना तपासायच्या होत्या. शाळेच्या खोलीत बसवून डोक्यावर तारांची टोपी घालायच्या, केसांत गार, चिकट मलम भरायच्या. भाऊ सारखा हलायचा. मी डोळे मिटून बसायचे.

मला मानसशास्त्र शिकायचंय, हे घरी कुणाला सांगायच्या आधी मी त्यांना सांगितलं.

"नक्की शीक. तुझ्या वडिलांशी मी बोलते," त्या म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी त्या घरी आल्या. आप्पांनी विचारलं, "काय दिसलं मग पोरांच्या डोक्यात?"

"एकेकाचं असं नाही सांगता येत. पण साधारणपणे मुलींचा मेंदू थोडा आधी तयार होतो, मुलांचा जरा मागून."

आप्पांना तेवढं पुरलं. "म्हंजी हिला समज आलीया. मग ही घर सांभाळंल. पोरगं अजून कच्चं हाय. त्याला पुण्याला धाडतो, शिकून सुधरंल."

मी मॅडमकडे बघत राहिले. त्यांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. "तुमच्या घरचा निर्णय," म्हणाल्या.

गाडीपाशी मी त्यांना गाठलं. "मॅडम, तुम्ही बोलणार होतात."

"घरच्या गोष्टींत मला पडता येत नाही गं. तू समजूतदार आहेस."

गाडी गेली. मी तशीच गोठ्यात जाऊन शेण काढायला लागले, कारण घरात शिरले असते तर सगळ्यांसमोर रडले असते.

दुसऱ्या वर्षाला भाऊ कॉलेज सोडून परत आला. आप्पा म्हणाले, "वयच हाय त्याचं."

त्या दिवशी जेवताना मी सांगितलं, "यंदा मी पौडला कॉलेजात नाव घालणार. भातलावणीला मला धरू नका."

आप्पांनी ताट सरकवलं. आई म्हणाली, "जाऊ दे तिला." भात कापून होईस्तोवर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी एसटीने जात राहिले.

आता भूगावात राहते, मुलांच्या एका दवाखान्यात समुपदेशक आहे. भाऊ शेती नीट करतो. आप्पांवरचा राग कधीच ओसरला; त्यांनी मला कसला शब्द दिला नव्हता. मॅडमनी दिला होता.