भाऊजींची डबल बेल

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, नोकरीभर बसचे कंडक्टर होते. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल, एवढ्यावर त्यांचं ड्रायव्हरशी सगळं बोलणं भागायचं. मला विचाराल तर घरीही ते याहून फारसं जास्त बोलत नसत. डबल बेल द्यायची आणि गाडी हलली की दाराचा दांडा धरून टुणकन आत चढायचं, ही त्यांची ऐट. लग्नानंतरच्या नवलाईत ताई मुद्दाम त्यांच्याच गाडीने जायची, कंडक्टरच्या सीटशेजारी बसून. पुढे मुलगा झाला आणि ते फिरणं संपलं. साऱ्या जगाला सुट्ट्या लागल्या की भाऊजींच्या जादा गाड्या सुटायच्या. "मला एकदा गाडीतून लांब कुठंतरी न्या," ताई म्हणायची. ते म्हणायचे, "रिटायर झालो की."

ते रिटायर झाले तोवर ताई विसरायला लागली होती. आधी गॅस बंद करायचं, मग शेजारणीचं नाव, मग पोटच्या मुलाचं. एकदा भर दुपारी घरातून निघाली ती गावाच्या दुसऱ्या टोकाला सापडली, अनवाणी. तेव्हापासून भाऊजी तिची पाठ सोडत नसत. न्हाणीघरात गेले तरी दार किलकिलं ठेवायचे.

आणि अशा बाईला घेऊन हा गृहस्थ परदेशी निघाला! भाचा चिडला. मी तर ताडताड बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अजून ती मला ओळखते. तोवर नेऊन आणतो." मग मीच त्यांची बॅग भरायला बसले.

नाताळच्या सुट्टीतली सहल ठरली. आजाराचं कळलं तर नेणार नाहीत, म्हणून भाऊजींनी सहल कंपनीत कुणाला काही सांगितलं नाही. हिला प्रवासात गुंगी येते, इतकंच. भाच्याने ताईच्या गळ्यात घालायला नाव आणि फोन लिहिलेलं कार्ड दिलं होतं. तेही त्यांनी बॅगेत दडवलं, लोक विचारतील म्हणून. या दोन शहाणपणांवर मी त्यांच्याशी अजूनही भांडते.

सहलीतल्या बसला घंटी नव्हती, पण माणसाची सवय जाते का? पहिल्याच मुक्कामाला सगळे चढले तसे भाऊजींनी दाराशेजारच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. परका ड्रायव्हर हसला आणि त्याने गाडी सोडली. मग तो खेळच झाला. भाऊजी सगळ्यांच्या शेवटी चढायचे, थाप-थाप करायचे आणि गाडी निघायची. सगळे त्यांना कंडक्टरकाका म्हणायला लागले. टूर मॅनेजर मुळातच आळशी. दोन दिवसांत त्याने डोकी मोजायचं सोडून दिलं. कंडक्टरकाकांनी डबल दिली म्हणजे सगळे आले, असं तो माइकवरून सांगायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. भाऊजींनाही ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

नाताळच्या दिवशी दुपारी बस एका पेट्रोल पंपावर थांबली. पंपावर चिटपाखरू नव्हतं. दुकानाचं शटर खाली ओढलेलं, उघडं फक्त स्वच्छतागृह. ताई सीटवर गाढ झोपली होती. भाऊजींनी आपला कोट काढून तिच्या अंगावर पसरला. पासपोर्ट त्या कोटात, फोनही त्याच कोटात. झटकन जाऊन येऊ म्हणून ते उतरले.

परत येताना त्यांना बसच्या मागच्या अंगाची डिकी अर्धवट उघडी दिसली. कुणीतरी बॅगेतून स्वेटर काढला होता आणि झाकण तसंच सोडलं होतं. भाऊजींना असलं पाहवत नाही. त्यांनी झाकण लावलं, कडी नीट बसली का पाहिलं आणि हाताने आपोआप पत्र्यावर दोन थापा मारल्या. थाप-थाप.

पुढे दार फुस्स करून मिटलं. गाडी हलली.

इतक्या वर्षांच्या सवयीने भाऊजींचा हात दांड्यासाठी वर गेला. तिथे दांडा नव्हता आणि मागचं दारही नव्हतं, नुसता गुळगुळीत पत्रा होता. ते ओरडत पळाले, ओल्या फरशीवरून घसरले, गुडघ्यावर आपटले. उठेपर्यंत बस वळण घेऊन मोठ्या रस्त्याला लागली होती.

"आपल्याच हाताने सोडली हो मी तिला," हे वाक्य त्यांनी मला सांगताना तीनदा म्हटलं.

थंडी हाडात शिरत होती, पण त्यांना ती नंतर कळली. आधी मनात आला तो एकच विचार. पुढचा थांबा म्हणजे मोठं शहर. तिथल्या चौकातली नाताळची रोषणाई बघायला सगळे उतरणार. ताई जागी होणार, सगळ्यांबरोबर तीही उतरणार आणि चालायला लागणार. परक्या गावातली ती गर्दी, बाहेर तिथला लवकर पडणारा अंधार, गळ्यात कार्ड नाही. कुणी नाव विचारलं तर सांगेल की नाही, याचा भरवसा नाही. आणि ती हरवू शकते हे त्या बसमध्ये एकालाही ठाऊक नव्हतं.

रस्त्यापलीकडे एक घर होतं. खिडक्यांत दिवे, आत माणसांची हसण्याबोलण्याची गडबड. भाऊजींनी जाऊन दार ठोठावलं. एका बाईने उघडलं. मागे भरलेलं टेबल होतं, मुलंबाळं होती, सगळे वळून यांच्याकडे बघायला लागले. यांनी हातवारे करून बस दाखवली, झोपलेली बायको दाखवली, भिंतीवर दोन थापाही मारून दाखवल्या. ते पाहून तिथलं एक पोर घाबरून रडायला लागलं. बाईला काय कळलं देव जाणे. तिने यांना हाताला धरून आत ओढलं, खुर्ची पुढे केली. पण भाऊजी आत बसेनात. बस परत आली आणि आपण दिसलो नाही तर? चुकलेल्या माणसाने चुकलेली जागा सोडू नये, हे त्यांनी जन्मभर प्रवाशांना बजावलं होतं. ते पुन्हा पंपावर जाऊन उभे राहिले. ती बाई मागून धावत आली, तिने त्यांच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि फोनवर कुणाशी तरी बोलत जवळच उभी राहिली.

गाड्यांचे दिवे यायचे, यांचा जीव वर यायचा, दिवे निघून जायचे. आता भाच्याला काय सांगायचं, मला काय सांगायचं, सगळं मनात येऊन गेलं. मग त्याहून वाईट विचार आला. जागी झाल्यावर, शेजारी कुणीतरी असायला हवं होतं, हेच तिला आठवलं नाही तर? तेव्हा मात्र ते तिथेच ओल्या फरशीवर खाली बसले आणि रडले.

इकडे बसमध्ये ताई जागी झाली होती. हे पुढचं मला मॅनेजरने फोनवर सांगितलं. ती उठली, कोट बाजूला टाकला, सरळ पुढे गेली आणि ड्रायव्हरमागच्या दांड्यावर बांगडीने एक टोला हाणला. टण्. लोक हसले. तिने पुन्हा एकच हाणला. मॅनेजर म्हणाला, "काकू, बसा ना, पडाल."

"बसू काय?" ताई कडाडली. "गाडी थांबवा आधी! कंडक्टर खाली राहिलाय. कंडक्टरशिवाय गाडी नेता होय?"

त्यावर सगळ्यांनी आधी एकमेकांकडे आणि मग भाऊजींच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. बस पुढच्या फाट्यावरून उलटी फिरली.

पंपावर दार उघडलं, "काकूंनीच गाडी फिरवायला लावली," मॅनेजर म्हणाला आणि भाऊजी कसेबसे चढले. ताई पहिल्याच पायरीशी उभी होती. भाऊजींनी तिचे दोन्ही हात धरले. एवढ्या माणसांत हिलाच आपली आठवण झाली, या आनंदाने त्यांनी ते घट्ट दाबले.

ताईने हात हळूच सोडवून घेतले. परक्या माणसापासून सोडवावेत तसे.

"बरं झालं चढलात," ती म्हणाली. "मला घरापर्यंतचं एक तिकीट द्या. आमचे हे घरी एकटेच आहेत. एकटं राहायची भीती वाटते त्यांना."

भाऊजी मला म्हणाले, पंपावर घाबरलो होतो ते काहीच नव्हतं. त्या पायरीवर, सगळे प्रवासी बघत असताना, ते इतके घाबरले की त्यांना आपलं नावही सांगता आलं नाही. ते एवढंच म्हणाले, "बसा बाई. मी नेतो तुम्हाला."

"मग डबल द्या की," ताई म्हणाली.

त्यांनी हात उचलला. थाप एकच पडली, दुसरीला हात उठेना. ड्रायव्हर आरशातून बघत थांबून राहिला.

ताईने वाट पाहिली, मग त्यांच्या खांद्यावरून हात पुढे करून दुसरी तिनेच दिली.